गणिताचा तास आणि शेजारचा विभाग

मुंबईच्या उपनगरांतले एखादे वाणिज्य महाविद्यालय डोळ्यांसमोर आणावे. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली, कुठलेही चालेल. सकाळची पाळी आहे, एफवायबीकॉमचा शंभर-सव्वाशे मुलांचा वर्ग भरला आहे. पहिल्या सत्रात अर्थशास्त्राच्या बाई मागणीची लवचिकता शिकवतात. किंमत एक टक्का वाढली तर मागणी किती टक्के उतरेल, मिठाची गोष्ट वेगळी आणि सिनेमाच्या तिकिटाची वेगळी ती का, असा तो तास असतो. दुसऱ्या सत्रात त्याच बाकांवर, त्याच मुलांपुढे गणिताचे सर येतात, फळ्यावर मागणीचे फल लिहितात, त्याचे विकलन करतात आणि सूत्रात किंमत घालून लवचिकता काढून दाखवतात. बाईंच्या तासाला सूत्राला जेमतेम जागा होती, सरांच्या तासाला मिठाला नसते. दोघे एकाच स्टाफरूममध्ये चहा पितात. तिथे पेपर तपासणीचे बोलणे होते, परीक्षेच्या ड्यूटीचे होते, लोकलच्या गर्दीचे तर रोजच होते. आपण दोघे एकच धडा दोनदा, दोन भाषांत शिकवतो आहोत, हे मात्र बोलण्यात येत नाही.

मुलांचे काय होते, हे कुणालाही तपासता येईल. समजा, महाविद्यालयाच्या फाटकाशी उभ्या असलेल्या वडापावच्या गाडीवर रोज जेवढे वडापाव खपतात, तो आकडा शंभरातून किमतीची दुप्पट वजा केली की मिळतो. वीस रुपये भाव असेल तर साठ वडापाव खपतील, गल्ल्यात बाराशे रुपये येतील. भाव पंचवीस केला तर खप पन्नासवर येईल, पण गल्ला साडेबाराशे होईल. तीस केला तर चाळीस खपतील आणि गल्ला पुन्हा बाराशेवर उतरेल. गणिताच्या तासाला याची लवचिकता काढली तर वीस रुपयांना ती दोन तृतीयांश येते, पंचवीसला बरोबर एक, तीसला दीड. एकच्या खाली असताना भाव वाढवण्यात फायदा, एकच्या वर गेली की तोटा, आणि बरोबर एकवर गल्ला सगळ्यात मोठा. अर्थशास्त्राच्या बाईंना जे शब्दांत सांगायचे होते तेच सरांच्या आकड्यांत उतरले आहे. दोन्ही तास एकमेकांना भेटले, तर बारावीला गणित सोडून ‘एसपी’ (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतलेल्या मुलालाही विकलन कशासाठी करायचे हे पंधरा मिनिटांत कळेल. ते भेटत नाहीत, म्हणून एकाला ते पाठ करायचे सूत्र वाटते आणि दुसऱ्याला पाठ करायची व्याख्या.

त्यात आणखी एक गाठ आहे. गणितात ज्या राशीवर दुसरी अवलंबून असते ती आडव्या अक्षावर मांडायची, हे मुलांना शाळेपासून घोटवलेले असते. अर्थशास्त्रात मागणीची रेषा काढताना किंमत उभ्या अक्षावर जाते. इंग्लंडच्या आल्फ्रेड मार्शलने ती सवय रूढ केली आणि जगभरच्या पुस्तकांनी ती तशीच ठेवली. परिणाम असा की सर ज्याला उतार म्हणून काढतात, त्याचा व्यस्त बाईंच्या आलेखात दिसतो. चूक कुणाचीच नाही, पण हे वर्गात सांगायचे कुणी? सरांना वाटते बाईंनी सांगितले असेल, बाईंना वाटते सरांनी.

आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे: महाविद्यालयात गणित चांगले शिकवले जावे म्हणून निरनिराळ्या विषयांच्या प्राध्यापकांनी एकत्र बसणे. विषय रुक्ष वाटेल, पण उपनगरातल्या प्रत्येक घराच्या खिशाशी त्याचा संबंध आहे, कारण या न झालेल्या बैठकीची किंमत खासगी क्लासच्या फीच्या रूपाने घरोघरी भरली जाते.

विज्ञान शाखेत हाच प्रकार अधिक विस्ताराने दिसतो. रसायनशास्त्राच्या तासाला अभिक्रियेचा वेग काढताना सूत्रात २.३०३ हा आकडा येतो. मुले तो निसर्गाचा स्थिरांक असावा अशा श्रद्धेने पाठ करतात. प्रत्यक्षात तो फक्त नैसर्गिक लॉग आणि दहा पायाचा लॉग यांच्यातला रूपांतराचा भाव आहे. एके काळी हिशेब लॉगटेबलवर करायचे म्हणून तो सूत्रात शिरला, आणि आपल्या बारावीच्या परीक्षेत लॉगटेबल अजून टिकून असल्याने तोही टिकला. गणिताच्या प्राध्यापकाने रसायनशास्त्राचे पुस्तक एकदा चाळले असते, तर लॉग शिकवताना दोन वाक्यांत हा उलगडा झाला असता. भौतिकशास्त्रात गोलीय निर्देशक शिकवताना थीटा हा उभ्या अक्षापासूनचा कोन असतो आणि फाय हा आडव्या प्रतलातला. कलनशास्त्राच्या अनेक पाठ्यपुस्तकांत नेमके उलटे. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत ‘आय’ हे अक्षर विद्युतप्रवाहासाठी राखून ठेवलेले असते, म्हणून उणे एकच्या वर्गमुळाला तिथे ‘जे’ म्हणतात. गणिताच्या वर्गात तेच ‘आय’ असते. सूक्ष्मजीवशास्त्राची गोष्ट तर फारच बोलकी आहे. ई. कोलाय जातीचा जिवाणू अनुकूल परिस्थितीत साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. दहा तासांत तीस वेळा दुपटी झाली तर एकाचे १०७ कोटींहून जास्त होतात. हा आलेख साध्या कागदावर काढताच येत नाही, लॉग कागदावर काढला की सरळ रेषा मिळते. ती रेषा सरळ का येते, हे सांगायची जबाबदारी जीवशास्त्रवाल्यांना गणिताची वाटते. आणि गणितवाल्यांपुढे ती मुले कधी बसलेलीच नसतात, कारण त्यांनी दहावीनंतर ‘पीसीबी’ घेऊन गणिताला रामराम ठोकलेला असतो.

मुंबईत हे विषय पूर्वी इतके वेगळे नव्हते. एल्फिन्स्टन संस्थेत १८५०च्या दशकात दादाभाई नौरोजींना जे प्राध्यापकपद मिळाले त्याचे नावच ‘गणित आणि निसर्गतत्त्वज्ञान’ असे जोडलेले होते. निसर्गतत्त्वज्ञान म्हणजे आजच्या बोलीत भौतिकशास्त्र. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. पुढे दादाभाई व्यापारासाठी आणि राजकारणासाठी विलायतेला गेले, पण त्यांच्यातला गणिताचा मास्तर गेला नाही. हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा त्यांचा निबंध १८७६ साली मुंबईत वाचला गेला. त्यात १८६७-६८ सालासाठी दरडोई उत्पन्न वीस रुपये असा हिशेब आहे, आणि तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राला याहून जास्त खर्च येतो हेही त्यांनी मांडून दाखवले आहे. इतिहासाच्या पुस्तकांत वीस रुपयांचा आकडा येतो, आकडा काढण्याची रीत येत नाही. खरी गंमत तिथे आहे. सरकारी अहवाल निरनिराळ्या जिल्ह्यांचे दर एकाखाली एक लिहून, बेरीज करून, जिल्ह्यांच्या संख्येने भागत असत. दादाभाईंनी दाखवले की ज्या जिल्ह्यात पीक अफाट आणि ज्यात मूठभर, त्या दोघांना सारखे वजन देऊन काढलेली सरासरी खोटी असते. त्यावरचा उपाय म्हणजे भारित सरासरी. आज एफवायबीकॉमच्या वर्गात निर्देशांक शिकवताना हीच गोष्ट येते आणि उदाहरणाला ‘वस्तू अ, वस्तू ब, वस्तू क’ असतात. इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या विभागाला विचारले असते, तर वस्तू ‘अ’च्या जागी अवघा हिंदुस्थान आला असता.

दुसरे नाव दामोदर धर्मानंद कोसंबींचे. गोव्यात १९०७ साली जन्म, हार्वर्डमध्ये शिक्षण, बारा-तेरा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताची प्राध्यापकी आणि १९४०च्या दशकाच्या मध्यापासून मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. आज त्यांना इतिहासकार म्हणून ओळखणारे अधिक आहेत, पण इतिहासाकडे ते गेले ते तागडी घेऊन. प्राचीन आहत नाणी हातोहात फिरताना झिजतात. जेवढी अधिक फिरली तेवढे सरासरी वजन कमी आणि वजनांमधला फरक जास्त. सराफ-व्यापारी नाण्याच्या मागच्या बाजूला परीक्षेचे छोटे ठसे मारीत, त्यांची संख्या वाढते तसे वजन उतरत जाते, हे कोसंबींनी तक्षशिलेच्या साठ्यातली नाणी तोलून दाखवले. झिजेचा नियम पक्का करण्यासाठी त्यांनी आपल्या काळातली, बाजारात चालणारी नाणीही ढिगांनी तोलली. याच माणसाने १९४४ साली जनुकांमधले अंतर मोजण्याचे एक सूत्र प्रसिद्ध केले. ते आजही वनस्पती-प्रजनन करणाऱ्यांच्या संगणकात कोसंबींच्याच नावाने चालते. संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलाला प्रमाण विचलन कशाला हवे असा प्रश्न पडला, तर नाण्यांच्या या गोष्टीसारखे उत्तर मराठी मुलुखात दुसरे नाही. पण कोसंबींसारखे तीन विषय एका डोक्यात मावणे हा अपवाद आहे आणि अपवादाच्या भरवशावर विद्यापीठ चालवता येत नाही. सामान्य महाविद्यालयाला तीन डोकी एका खोलीत आणणे एवढेच शक्य असते.

अशी डोकी एका खोलीत आणण्याचा एक मोठा प्रयोग मुंबईत झाला, आणि तो झाला तो शाळांसाठी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ बी. एम. उदगावकर, वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी महापालिकेच्या मराठी शाळांतल्या विज्ञान-शिक्षणात लक्ष घालू लागले होते. त्यातून सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले. सुरुवात नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत झाली, पुढे केंद्र मानखुर्दला आपल्या जागेत आले. मूलकणांचा अभ्यास करणारी माणसे सातवी-आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून ऐकू लागली, ही त्यातली महत्त्वाची बाब. तिथे त्यांना जे दिसले ते भौतिकशास्त्राच्या पुस्तकात नव्हते: मुले विज्ञानाला अडत नव्हती, पाठ्यपुस्तकाच्या मराठीला अडत होती. लांबलचक, संस्कृतप्रचुर वाक्ये सोपी केली की त्याच मुलांची समज वाढते, हे कुलकर्णींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवले. अनुसूचित जातींमधल्या, महापालिकेच्या शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी जो उपक्रम चालवला, त्यातही भाषेकडे आणि पायाभूत गणिताकडे लक्ष दिल्यावर निकाल बदललेले दिसले. भौतिकशास्त्रज्ञ, भाषेचे जाणकार आणि वर्गावरचा शिक्षक असे तिघे एकत्र आल्याशिवाय हे निदान झालेच नसते.

पुढच्या काळात याच केंद्रात गणित-शिक्षणावर जे संशोधन झाले त्यातला एक धागा इथे सांगण्याजोगा आहे. मध्य मुंबईतल्या, घरोघरी छोटे उद्योग चालणाऱ्या एका दाट वस्तीत शाळकरी मुलांना किती आणि कसले गणित येते, याचा अरिंदम बोस यांनी के. सुब्रमणियम यांच्या मार्गदर्शनाखाली अभ्यास केला. पैशांचा हिशेब, मजुरीचा दर, मापांचे आपापले प्रकार मुले कामातून शिकलेली होती. शाळेच्या फळ्यावरच्या गणिताशी त्याची भेट क्वचितच होत होती. महाविद्यालयातही असेच घडते, फक्त तिथली वस्ती म्हणजे शेजारचा विभाग.

अभियांत्रिकीकडे वळले की प्रश्न अधिक टोकदार होतो. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत गणिताचे पेपर एम-वन, एम-टू, एम-थ्री, एम-फोर अशा नावांनी ओळखले जातात. यातला एम-थ्री म्हणजे मुलांच्या बोलण्यात जणू एखादा घाट. ‘एम-थ्रीची केटी’, म्हणजे नापास झालेला तो पेपर पुन्हा देण्याची वेळ, हा शब्दप्रयोग अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड सर्वत्र चालतो, आणि त्यावर उभे राहिलेले क्लासही सर्वत्र चालतात. या पेपरात लाप्लास रूपांतर असते. त्याच सत्रात इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना विद्युत मंडलांचे विश्लेषण शिकायचे असते आणि त्याला लाप्लास लागते. मंडलांचे सर फळ्यावर समीकरण टाकून म्हणतात, “हे तुमचं गणितात झालंच असेल.” गणिताच्या बाई महिनाभर आधी किंवा महिनाभर नंतर म्हणतात, “याचा उपयोग तुम्हाला पुढे कळेल.” दोघेही खरे बोलतात आणि मुलगा दोघांच्या मधल्या महिन्यात पडतो. यावर काही मोठा शैक्षणिक सिद्धान्त लागत नाही. कुठल्या आठवड्यात कोण काय शिकवणार याचा एक कागद सत्राआधी दोन्ही विभागांनी समोरासमोर बसून केला आणि भिंतीवर लावला, तरी अर्धे काम होईल. उरलेल्या अर्ध्यात अभ्यासक्रम, परीक्षा आणि माणसांचे मान-अपमान येतात.

अमेरिकेत गणिती लोकांनी हे काम पद्धतशीरपणे हाती घेतले. तिथल्या ‘मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिका’ या संघटनेने १९९९ ते २००१ या काळात एकूण अकरा कार्यशाळा भरवल्या. भौतिकशास्त्र, रसायन, जीवशास्त्र, अभियांत्रिकी, व्यवस्थापन अशा गणित वापरणाऱ्या विषयांच्या प्राध्यापकांना बोलावून विचारले, की तुमच्या मुलांना पहिल्या दोन वर्षांत आम्ही काय शिकवावे? अहवाल २००४ साली निघाला. बहुतेक गणितज्ञांची अपेक्षा असेल की हे लोक सूत्रांची लांब यादी देतील. तसे झाले नाही. सांगणे असे निघाले, की संकल्पना पक्क्या करा, व्यवहारातला प्रश्न गणितात मांडायला शिकवा, आणि आकड्यापुढे एकक लिहायची सवय लावा. त्यातले एकक गणिताच्या वर्गातून परागंदा झालेले असते. तिथे उत्तर नुसते ‘पाच’ असते, पाच मीटर की पाच सेकंद हे विचारायची पद्धत नाही.

याच कामाचा पुढचा टप्पा २०१६ साली अनेक महाविद्यालयांनी मिळून सुरू केला. त्यात एक खेळ आहे, त्याला ते ‘फिशबोल’ म्हणतात. मधे वर्तुळ करून दुसऱ्या विषयाचे प्राध्यापक बसतात आणि आपल्या वर्गात गणित कुठे, कसे लागते यावर आपापसात बोलतात. गणितवाले बाहेरच्या वर्तुळात बसतात. त्यांनी बोलायचे नाही, फक्त ऐकायचे आणि टिपून घ्यायचे. ही युक्ती आपल्याकडे आणण्यासारखी आहे, मात्र ती सोपी समजू नये. आपल्या महाविद्यालयांत गणिताच्या प्राध्यापकाला तासभर गप्प बसवणे जितके अवघड, तितकेच इतरांना गणिताच्या प्राध्यापकासमोर ‘हे आम्हाला नीट येत नाही’ असे म्हणायला लावणेही अवघड. गणिताचा दरारा मुलांवर असतो तसा सहकाऱ्यांवरही असतो.

हा दरारा उतरला की दुसऱ्या बाजूचाही फायदा आहे. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली संख्याशास्त्रीय चाचणीतल्या ‘पी-व्हॅल्यू’ या आकड्याच्या गैरवापराबद्दल एक निवेदन काढले. ०.०५च्या खाली आकडा आला की निष्कर्ष सिद्ध झाला, असे मानण्याची सवय वैद्यक, मानसशास्त्र, जीवशास्त्र अशा सगळ्या क्षेत्रांत मुरलेली आहे. आपल्या पदव्युत्तर प्रबंधांतही ती भरपूर दिसते. ही सवय मोडायला संख्याशास्त्राचा शिक्षक जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत असावा लागतो, आणि प्रयोग मांडण्याआधी असावा लागतो. प्रबंध बांधायला देण्याच्या आदल्या दिवशी त्याच्याकडे आकड्यांची पिशवी घेऊन जाण्यात अर्थ नसतो.

गणितवाल्यांचा एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. सगळेच शेजाऱ्याच्या गरजेनुसार शिकवायचे, तर गणित हरकाम्या होईल. सिद्धता, व्याख्या, ‘हे खरे का’ असे विचारण्याची शिस्त बाजूला पडेल. ही भीती खोटी नाही. एस. कुमरेसन यांनी मुंबई विद्यापीठात असताना १९९३ साली महाविद्यालयीन मुलांसाठी जो उन्हाळी गणित प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला, त्यात उपयोगाचा प्रश्न नव्हता. तिथे मुलांना प्रश्न विचारून विचारून सिद्धतेपर्यंत न्यायचे होते, आणि देशभरच्या कित्येक तरुणांना गणिताकडे वळवण्याचे काम त्या कार्यक्रमाने केले. अशा शिक्षणाला जागा राहिलीच पाहिजे. पण प्रस्तुत वक्त्याचे मत असे, की गणिताची शिस्त बुडते आहे ती शेजाऱ्यामुळे नाही, गाइडमधल्या साच्यामुळे. वाणिज्य शाखेच्या वर्गात विकलनाची पाच ठरावीक उदाहरणे घोटवली जातात, तिथे सिद्धताही नसते आणि उपयोगही नसतो. त्या पाच उदाहरणांचे रक्षण करण्यात गणिताचा कोणता मान राहतो?

मुंबईत विषयांची ही भेट जमलेले एक ठिकाण उपनगरातच आहे. सांताक्रूझच्या कलिना संकुलात मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी २००७ साली मूलभूत विज्ञानांचे उत्कृष्टता केंद्र सुरू केले. पाच वर्षांच्या त्या एकात्मिक एमएस्सीत मूल पुढे कुठल्याही विषयात जाणार असले, तरी सुरुवातीला भौतिकशास्त्र, रसायन, जीवशास्त्र आणि गणित हे चारही शिकते. शिकवायला विद्यापीठाबरोबरच टाटा संस्था, भाभा अणुसंशोधन केंद्र अशा ठिकाणचे शास्त्रज्ञ येत राहिले. पवईला आयआयटीत रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी सायलॅबसारख्या मोफत गणिती संगणकप्रणालीचे धडे ‘स्पोकन ट्यूटोरियल’च्या रूपाने महाविद्यालयांपर्यंत पोचवले, मराठीसकट अनेक भाषांत. गणिताचे साधन गावोगाव नेणारा माणूस रासायनिक अभियंता असावा, यात नवल वाटू नये. ज्याला हत्यार रोज लागते तोच ते दुसऱ्याच्या हातात देतो. मात्र कलिन्याच्या निवडक वर्गात जे जमते ते घाटकोपरच्या सव्वाशेच्या वर्गात तसेच्या तसे जमेल, असे कुणी सांगत असेल तर त्याने आधी एक सत्र तो वर्ग घ्यावा.

अडते कुठे, ते हिशेबाच्या भाषेत सांगता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास आणि त्यावरच्यांनी चौदा तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे. विभागातली पदे या तासांवर ठरतात. म्हणजे तास हे प्राध्यापकाचे काम तर आहेच, शिवाय विभागाची इस्टेटही आहे. अर्थशास्त्राच्या बाई आणि गणिताचे सर एका वर्गात एकत्र उभे राहिले, तर तो तास कुणाच्या नावावर चढवायचा? अभ्यास मंडळे विषयवार वेगळी, प्रश्नपत्रिका वेगळ्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठेही वेगळे. आणि या सगळ्याखाली तासिका तत्त्वावर काम करणारे शिक्षक आहेत, ज्यांना सगळे ‘सीएचबी’ म्हणून ओळखतात. सकाळी घाटकोपरला दोन तास, मग गाडी पकडून मुलुंडला एक तास, असा ज्याचा दिवस जातो त्याला पैसे तासाचे मिळतात, बैठकीचे नाही. दोन विभागांनी बसून कागद करावा हे सांगणे सोपे आहे. त्या बैठकीचे मानधन महाविद्यालय देणार का, हे आधी विचारायला हवे. सहकार्याची सगळी भाषणे या प्रश्नाला वळसा घालून जातात, म्हणून इथे तो मुद्दाम मांडला आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाने एक फट उघडली आहे. राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या मुलांना आपल्या शाखेबाहेरचा ‘ओपन इलेक्टिव्ह’ घ्यावा लागतो. बऱ्याच ठिकाणी त्याकडे वर्कलोड वाचवायची सोय म्हणून पाहिले गेले आणि जुन्याच प्रकरणांना नवी नावे देऊन अभ्यासक्रम तयार झाले. पण भूगोल आणि संख्याशास्त्र या दोन विभागांनी मनावर घेतले, तर उपनगरातल्या मुलांसाठी एक विषय हाताशी आहे: मुंबईचा पाऊस. २६ जुलै २००५ या दिवसाच्या नोंदीत सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस आहे आणि कुलाब्याला ७३. दोन्हींची सरासरी काढली तर ५०८च्या वर येते, आणि बरोबर तेवढा पाऊस या दोन्हींपैकी एकाही ठिकाणी पडलेला नव्हता. सरासरी कुठे उपयोगी पडते आणि कुठे फसवते, हा सगळा धडा या दोन आकड्यांत आहे. असा पाऊस शंभर वर्षांतून एकदा म्हणतात तेव्हा त्या ‘एकदा’चा अर्थ काय, हा संभाव्यतेचा धडा. पवई, विहार तलाव आणि मिठी नदी नकाशावर कुठे आहेत, पाणी अंधेरी-कुर्ल्याकडे का आले, हा भूगोलाचा. २६ जुलैच्या पुरानंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली, त्यामुळे आकड्यांचा तुटवडा नाही.

हा विषय कला शाखेच्या मुलीला घेता येईल, वाणिज्यच्या मुलालाही. गणिताच्या प्राध्यापकाला नकाशा वाचावा लागेल आणि भूगोलाच्या प्राध्यापकाला विचलन समजावून सांगावे लागेल, निदान एकमेकांच्या तासाला बसावे लागेल. त्यासाठी प्राचार्यांनी एक गोष्ट करायची आहे. वेळापत्रकाच्या एकाच चौकटीत दोन नावे लिहायची आणि तो तास दोघांच्याही खात्यावर पूर्ण धरायचा. उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातून त्यावर शेरा येईल, तेव्हा उत्तर द्यायला दोन्ही विभागप्रमुखांनी सोबत जायचे.